इंग्रजीतील 'मी' आणि आपली मुले

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात शिवाजी पेठ, कोल्हापूर येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न त्यांनी शिल्लकच ठेवला नाही. "सर, आयुष्यभर तुम्ही इंग्रजी शिकवलंत, तेव्हा इंग्रजीवरच बोला, फक्त व्याकरणाचा तास घेऊ नका," असे बजावून ते मांडवाच्या व्यवस्थेस निघून गेले. त्यांची पहिली आज्ञा आम्ही पाळणार आहोत. दुसरी मात्र थोडी मोडावी लागेल, त्याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. आम्हांस आज इंग्रजीतील एकाच अक्षराच्या एका शब्दाविषयी बोलावयाचे आहे. तो शब्द म्हणजे 'आय', अर्थात 'मी'.

जेथे मंडळाचा जमाखर्च, इमारत निधी आणि गुणवंतांचा सत्कार यांची चर्चा व्हावयाची, तेथे सर्वनामाचे काय काम, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या विद्यार्थी-साहाय्य समितीच्या टेबलावर यंदा पडलेल्या अर्जांत आहे. अर्ज मराठीत केला तरी चालतो, असे आपल्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे. तथापि इंग्रजी अर्जास वजन अधिक, अशी पालकांची समजूत असल्यामुळे बहुतेक अर्ज इंग्रजीत येतात. ते वाचू लागलो तेव्हा नावे निरनिराळी, पण लिहिणारा हात एकच, असा भास झाला. 'विथ ड्यू रिस्पेक्ट, आय बेग टु स्टेट' अशी सुरुवात आणि 'युवर ओबिडियंट' असा शेवट. मधल्या मजकुरात मुलगा कोण, त्याला काय येते, काय हवे, याचा पत्ता नाही.

त्यांत एक अर्ज निराळा होता. तो एका मुलीचा होता आणि त्यात 'आय' हा शब्द एकदाही नव्हता. सारी वाक्ये 'वी'ने सुरू होत होती. 'वी वाँट टु डू फार्मसी' हे त्यांतील मुख्य वाक्य. मुलाखतीस मुलगी वडिलांसह आली, तेव्हा आम्ही विचारले, "बाळ, हे 'वी' म्हणजे कोण?" मुलीने वडिलांकडे पाहिले. वडील म्हणाले, "आम्ही म्हंजे घरचं सगळं, सर. पोरीचं आणि आमचं काय येगळं हाय व्हय?" त्या बोलण्यात कपट नव्हते, माया होती. परंतु शिकावयाचे होते मुलीला. आम्ही तिच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि म्हटले, "'आय'ने सुरू होणारी पाच वाक्ये लिही. चुकली तरी चालतील, पण खरी असू देत." तिने काय लिहिले ते शेवटी सांगू. तत्पूर्वी आपल्या मुलांना हा शब्द इतका जड का जातो, याचा विचार करू.

आपण सकाळपासून काय काय बोलतो ते आठवून पाहा. मला जाग आली. मला ताप आला आहे. मला चहा आवडतो. मला त्याचा राग आला. मला पोहता येते. मला पन्हाळ्याला जायचे आहे. मला दोन मुली आहेत. माझ्याजवळ सायकल आहे. मला असे वाटते. माझ्या हातून कप फुटला. ही दहा वाक्ये झाली, आणि यांपैकी एकातही 'मी' नाही. जाग येते, ताप येतो, राग येतो. ही सारी मंडळी आपल्याकडे पाहुण्यांसारखी येतात आणि आपण 'मला' म्हणून दारात उभे असतो. आता हीच वाक्ये इंग्रजीत पाहा. 'आय वोक अप', 'आय हॅव अ फीव्हर', 'आय लाइक टी', 'आय वॉज अँग्री विथ हिम', 'आय कॅन स्विम', 'आय वाँट टु गो टु पन्हाळा', 'आय हॅव टू डॉटर्स', 'आय हॅव अ बायसिकल', 'आय थिंक सो', 'आय ब्रोक द कप'. दहाच्या दहा वाक्ये 'आय'ने सुरू झाली. मुलाला शब्द ठाऊक असूनही जीभ अडखळते ती येथे. त्याला शब्दांचे भाषांतर करावयाचे नसून वाक्यातील स्वतःची जागाच बदलावयाची असते.

जेथे आपण 'मी' म्हणतो तेथेही क्रियापद आपले ऐकेलच असे नाही. 'मी आंबा खाल्ला', 'मी भाकरी खाल्ली'. खाणारा एकच, पण क्रियापद आंब्याच्या आणि भाकरीच्या मागे गेले. यालाच कर्मणी प्रयोग म्हणतात, हे दादोबा पांडुरंगांच्या १८३६ सालच्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत आपल्या वैयाकरणांनी बारकाईने विवेचिले आहे. इंग्रजीत आंबा असो वा भाकरी असो, 'आय एट' हे अढळ राहते.

यावरून इंग्रज माणूस अहंकारी आणि मराठी माणूस नम्र, असा निष्कर्ष कोणी काढू नये. आपल्या भाषेत 'मीपणा' हा दुर्गुण आहे आणि 'मी मी म्हणणारे' हे शब्द सहसा कोणाचा गर्व उतरला हे सांगतानाच येतात, हे खरे. त्यामुळे प्रत्येक वाक्याच्या तोंडी 'आय' घालताना आपल्या सुसंस्कृत घरातील मुलाला संकोच वाटतो. पण इंग्रजी वाक्याला आरंभी कोणी तरी कर्ता बसलेला लागतोच. आपण 'पाऊस पडतो' म्हणतो. इंग्रज 'इट इज रेनिंग' म्हणतो. हा 'इट' कोण? कोणी नाही, केवळ रिकाम्या पाटावर मांडलेली सुपारी आहे. 'आय'ही पुष्कळदा तेवढ्याचपुरता असतो. तो मोठ्या लिपीत लिहितात यामागेही गर्व नाही. हस्तलिखितात एकटे लहान 'आय' अक्षर शेजारच्या शब्दांत हरवून जाई, म्हणून ते उंच लिहू लागले. जर्मन लोक आपला 'मी' लहान अक्षराने लिहितात आणि आदरार्थी 'तुम्ही' मोठ्या अक्षराने. म्हणून ते इंग्रजांहून विनयशील ठरतात असे नाही.

आणखी एक गंमत सांगतो. इंग्रजीलाही एके काळी आपल्यासारखे 'मला' पुष्कळ ठिकाणी लागत असे. शेक्सपिअरच्या नाटकांत 'मीथिंक्स' हा शब्द आढळतो. त्यातील 'मी' म्हणजे आपला मी नव्हे, तर इंग्रजी 'मी', म्हणजे मला. 'मला वाटते' हीच ती रचना. पुढे शतकानुशतके बोलता बोलता या वाक्यांतील 'मला' मागे पडला आणि 'आय' पुढे आला. तात्पर्य, ही ईश्वरदत्त प्रकृती नसून भाषेची सवय आहे. आणि सवय शिकता येते.

या सवयीचे प्रमाण केवढे आहे, तेही पाहण्यासारखे आहे. न्यूयॉर्कच्या टेलिफोन कंपनीने लोक बोलताना कोणता शब्द सर्वाधिक वापरतात हे तपासले, तेव्हा ५०० संभाषणांत 'आय' सुमारे ३,९०० वेळा आला आणि पहिला ठरला, असे डेल कार्नेगी यांनी आपल्या १९३६ सालच्या सुप्रसिद्ध पुस्तकात नमूद केले आहे. याउलट अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात १९६१ साली छापल्या गेलेल्या इंग्रजी मजकुरातून सुमारे दहा लाख शब्द एकत्र करून मोजले गेले, तेव्हा 'द' हा शब्द पहिला आला आणि 'आय' विसाव्या क्रमांकाच्या आसपास गेला. म्हणजे बोलण्यातील इंग्रजी आणि छापील इंग्रजी यांत 'आय'चे स्थान एक नव्हे. आपली मुले शाळेत छापील इंग्रजी वाचतात, आणि मुलाखतीत त्यांच्याकडून अपेक्षा बोलण्यातील इंग्रजीची होते. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले. आमच्या वेळी ते पाचवीत येत असे. चार वर्षे आधी आरंभ झाला, पण 'आय'ने सुरू होणारे स्वतःचे खरे वाक्य बोलण्याची संधी किती मुलांना किती वेळा मिळते, हे प्रत्येकाने आपल्या घरी विचारून पाहावे.

आता अर्जांकडे वळू. कोल्हापूरला इंग्रजी विद्या नवी नाही. न्यायमूर्ती रानडे यांचे आरंभीचे इंग्रजी शिक्षण याच नगरीत झाले. राजाराम कॉलेज १८८० साली निघाले. परंतु ही विद्या सर्व ज्ञातींच्या दारापर्यंत आली ती राजर्षी शाहू छत्रपतींमुळे. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि मग एकामागून एक ज्ञातीज्ञातींची, धर्माधर्मांची वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह निघाले. २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या कोणी कागदाला हात लावला नव्हता, त्या घरांतील मुलांपुढे दरबारची नोकरी आली, आणि नोकरीमागून अर्ज आला.

त्या काळच्या अर्जाचा नमुना ठरलेला होता. 'आय बेग टु स्टेट', 'आय हॅव द ऑनर टु बी, सर, युवर मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट'. हे शब्द मुळात गुलामाचे नव्हेत. इंग्रज अधिकारी एकमेकांनाही असेच लिहीत. गव्हर्नरही वरिष्ठांना लिहिताना स्वतःस आज्ञाधारक सेवक म्हणवीत. त्यांच्यात तो रिवाज होता. आपल्याकडे तो रिवाज आला आणि बेतलेल्या अंगरख्याप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. इंग्लंडात तो अंगरखा केव्हाच पेटीत गेला. आपण अद्याप मुलांना तोच घालून पाठवितो. 'बेग' या शब्दाने भीकही मागतात, हे ज्याला कळते त्या मुलाने शिष्यवृत्तीसाठी तो का लिहावा? शिष्यवृत्ती ही भीक नव्हे. आज साधे, सरळ लिहितात: 'आय ॲम रायटिंग टु अप्लाय फॉर', मी अमुक गोष्टीसाठी अर्ज करीत आहे. 'आय हॅव कम्प्लीटेड', मी अमुक पूर्ण केले आहे. 'आय वुड लाइक टु', मला अमुक करावयाचे आहे. 'आय लुक फॉरवर्ड टु युवर रिप्लाय', आपल्या उत्तराची वाट पाहतो. या चार साच्यांत कोणाही मुलाचा अर्ज बसतो, आणि साचा जुना असला तरी आत ओतावयाचा रस त्याचा स्वतःचा असावा लागतो. उद्यमनगरातील ओतकामाची ज्यांना माहिती आहे त्यांना हे अधिक सांगणे नलगे.

बोलताना मात्र या साच्यांना निराळी मुरड घालावी लागते. 'आय वाँट वॉटर' हे व्याकरणाने शुद्ध, पण पाहुण्याच्या तोंडी उद्धट. तेथे 'आय वुड लाइक सम वॉटर' शोभते. 'आय ॲम अफ्रेड' म्हणणारा बहुधा भ्यालेला नसतो. नकार गोड करून सांगत असतो. आपण 'तो येणार नाही असे मला वाटते' म्हणतो. इंग्रज 'आय डोन्ट थिंक ही विल कम' म्हणतो, म्हणजे नकार आपल्या वाटण्यावर घेतो. आणि बोलताना तो 'आय ॲम', 'आय विल', 'आय हॅव' असे सुटे सुटे म्हणत नाही; 'आयम', 'आयल', 'आयव्ह' असे जोडून म्हणतो. हे कानाने शिकावयाचे आहे. पुस्तकाने येणारे नव्हे.

नेहमीच्या चार चुका सांगून हा भाग संपवितो. 'मी सहमत आहे' याची छाया धरून मुले 'आय ॲम अॅग्री' म्हणतात. 'आय अॅग्री' एवढे पुरे. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' नको, 'आय हॅव टू ब्रदर्स' हवे. कारण भाऊ असणे ही चालू असलेली क्रिया नव्हे, स्थिती आहे. त्याच न्यायाने 'आय ॲम नोइंग' नको, 'आय नो' हवे. नाव सांगताना 'मायसेल्फ अमुक' नको, 'आय ॲम अमुक' म्हणावे. आणि चौथी चूक तर आपल्या सुसंस्कारातूनच आली आहे. निघताना 'जातो' म्हणणे अशुभ, म्हणून आपण 'येतो' म्हणतो. आमच्या एका विद्यार्थ्याने मुलाखत संपवून उठताना 'आय कम, सर' म्हटले. समोरच्या साहेबांनी खुर्ची पुढे केली, आणि विद्यार्थी पुन्हा बसला! त्याची नोकरी त्यामुळे गेली नाही, हे त्याचे नशीब.

इतका वेळ इंग्रजीचे गुण सांगितले. आता आपल्या भाषेचेही सांगितले पाहिजेत. 'आम्ही पन्हाळ्याला जाणार' आणि 'आपण पन्हाळ्याला जाऊ' या दोन वाक्यांत ऐकणारा बरोबर आहे की नाही, हे मराठीत एका शब्दाने कळते. इंग्रजी 'वी'ला हा भेद ठाऊक नाही; दोन्हींना तो एकच. तसेच 'मी जातो' आणि 'मी जाते' यांत पुरुष आणि स्त्री वेगळी कळतात. इंग्रजी 'आय'ला लिंग नाही. परंतु येथे आपल्या कोल्हापूरचा थाट निराळाच. आपल्या पेठेत कितीतरी आयाबहिणी सहज 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. पुण्याकडचा पाहुणा चकित होतो, ग्रंथी मराठीचे पंडित नाक मुरडतात. आम्हीही शिक्षक असताना मुलींचे हे बोलणे सुधारीत असू, हे कबूल केले पाहिजे. आज वाटते, त्यात सुधारण्यासारखे काही नव्हते. जिच्या जिभेवर असा निःसंकोच 'मी' आहे, तिच्या अर्जातून तो नाहीसा का व्हावा?

येथे आम्ही मूळ मुद्द्यावर आलो. ज्ञातिमंडळ म्हटले की 'आम्ही' हा शब्द येणारच. वसतिगृह, निधी, ही वास्तू, यांतील काहीही एकट्या 'मी'ने झालेले नाही. आणि फुटबॉलच्या सामन्यात पेठ जिंकली म्हणजे मैदानात न उतरलेले आपण सारेही 'आम्ही जिंकलो' म्हणतो, त्यातही गोडवा आहे. हे व्याख्यान देताना आम्ही स्वतः पहिल्या वाक्यापासून 'आम्ही' म्हणत आहोत, हे आपल्या ध्यानात आलेच असेल. तो व्यासपीठाचा रिवाज आणि म्हातारपणाची खोड समजावी. परंतु 'आम्ही' या शब्दाच्या छायेत घरातील धाकट्याचा, विशेषतः मुलीचा, 'मी' वाढेनासा होत असेल, तर ती छाया वडाची नव्हे, भिंतीची म्हणावी लागेल. ज्याला 'आय'ने सुरू होणारी पाच खरी वाक्ये येत नाहीत, त्याच्यासाठी ती वाक्ये दुसरे कोणी तरी लिहिते. आणि मग त्याचे आयुष्यही दुसऱ्याच्याच हस्ताक्षरात जाते.

यास्तव आमची मंडळास नम्र सूचना आहे. पुढील वर्षापासून विद्यार्थी-साहाय्याचा अर्ज मराठीत असो वा इंग्रजीत, त्यास एक कोरे पान जोडावे. त्यावर मुलाने किंवा मुलीने मंडळाच्या कचेरीत बसून, स्वतःच्या हाताने, स्वतःविषयी पाच वाक्ये लिहावीत. मला काय येते, मी काय केले, मला काय आवडते, माझे काय चुकले आणि मला काय करावयाचे आहे, एवढेच. मराठीत लिहिणाऱ्याने 'मला' म्हणावे, इंग्रजीत लिहिणाऱ्याने 'आय' म्हणावे. दोहोंचे मोल सारखे. शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत.

आता त्या मुलीने काय लिहिले ते सांगतो. तिचे वडील एका कारखान्यात लेथवर काम करतात. तिने लिहिले होते: 'आय लाइक मशीन्स. आय रिपेअर्ड अवर वॉटर पंप. आय ॲम नोइंग लेथ वर्क. आय ॲम नॉट लाइकिंग मेडिसिन्स. आय वाँट मेकॅनिकल डिप्लोमा.' वडिलांना इंग्रजी वाचता येत नव्हते. आम्ही त्यांना ती वाक्ये मराठीत सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मुलीला एवढेच म्हणाले, "पंप तू दुरुस्त केलास? मला वाटलं, शेजारच्यानं केला." आणि दोघे उठून गेले. आमच्या समितीत कुजबुज झाली की, आपण परक्याच्या घरात नको तेवढे डोकावलो. आम्हांसही तसेच वाटले.

तिसऱ्या दिवशी ते गृहस्थ एकटेच आले आणि नवा अर्ज टेबलावर ठेवून गेले. तो मुलीच्या अक्षरात होता. त्यात आरंभी 'बेग' नव्हते, शेवटी 'ओबिडियंट' नव्हते, आणि 'आय ॲम नोइंग लेथ वर्क' हे वाक्य जसेच्या तसे होते. पस्तीस वर्षे ज्या चुकीखाली आम्ही तांबडी रेघ ओढली, ती समोर होती आणि हातात लेखणी होती. आम्ही ती मिटून ठेवली आणि अर्जावर 'मंजूर' असा शेरा मारला.

आम्ही आपली रजा घेतो. निघताना अर्थातच 'येतो' म्हणतो.